दार आणि जिना : शिकागोच्या नगर महाविद्यालयांची वाटचाल

'ज्युनिअर कॉलेज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अकरावी-बारावीचे वर्ग येतात. अमेरिकेत या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. तेथे बारावीपर्यंतचे शिक्षण शाळेतच होते आणि त्यानंतर पदवीसाठी चार वर्षे लागतात. या चारांपैकी फक्त पहिली दोन वर्षे शिकवणारी संस्था म्हणजे तेथील ज्युनिअर कॉलेज. पुढे या संस्थेचे काम वाढत गेले आणि तिला 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आपण तिला समुदाय महाविद्यालय म्हणू.

हे नाव आता आपल्यालाही अपरिचित राहिलेले नाही. पाँडिचेरीत १९९५ साली असे महाविद्यालय सुरू झाले, २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी खास योजना आखली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची मुभा दिली. या साऱ्यामागची कल्पना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. ती एका मोठ्या शहरात कशी रुजली, कधी कोमेजली आणि पुन्हा कशी वाढली, हे पाहण्यासाठी शिकागो हे फार चांगले उदाहरण आहे. ते पाहताना आम्हाला एक प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवायचा आहे. उच्च शिक्षणाचे दार सर्वांसाठी उघडले म्हणजे आपले काम झाले का?

एका विद्यापीठाचे दोन मजले

शिकागो विद्यापीठ १८९२ साली सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित होते. पदवीच्या चार वर्षांचा स्वभाव एकसारखा नाही, असे त्यांचे मत होते. पहिली दोन वर्षे ही शाळेतील शिक्षणाचाच पुढचा भाग, तर खरे विद्यापीठीय अध्ययन नंतरच्या दोन वर्षांत सुरू होते. म्हणून त्यांनी आपल्या विद्यापीठाचे दोन विभाग केले. १८९६ पासून त्यांना 'ज्युनिअर कॉलेज' आणि 'सीनिअर कॉलेज' असे म्हटले जाऊ लागले. खालचा विभाग पूर्ण करणाऱ्यांना १९०० पासून 'असोशिएट' ही छोटी पदवीही मिळू लागली.

ही पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या आवारातच शिकवली पाहिजेत असे मात्र नव्हते. शिकागोच्या नैर्ऋत्येला जोलिएट नावाचे गाव आहे. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्याशी हार्पर यांची चर्चा झाली आणि १९०१ साली त्या शाळेतच बारावीनंतरचे वर्ग सुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते अवघे सहा! अमेरिकेतील आज टिकून असलेले सर्वांत जुने सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज ते हेच.

हार्पर यांच्या योजनेत दोन हेतू मिसळलेले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. गावातल्या मुलाला घरी राहून, कमी खर्चात पुढे शिकता यावे, हा एक हेतू. ज्यांना दोन वर्षांवरच थांबायचे आहे त्यांनी सन्मानाने थांबावे आणि विद्यापीठाला निवडक विद्यार्थ्यांसह संशोधनाकडे लक्ष देता यावे, हा दुसरा. पहिल्या हेतूने पाहिले तर हे महाविद्यालय म्हणजे वर जाण्याचा जिना आहे. दुसऱ्या हेतूने पाहिले तर ती एक चाळणी आहे. जिना आणि चाळणी यांचा जन्म एकाच वेळी झाला. त्यांच्यातली ओढाताण पुढच्या शंभर वर्षांत कधी थांबली नाही.

क्रेन यांच्या नावाने

१९१० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती. त्यातले एक तृतीयांशाहून अधिक लोक परदेशांत जन्मलेले होते. पोलंड, जर्मनी, रशिया, इटली, आयर्लंड अशा देशांतून कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत व रेल्वेत कामासाठी आलेली ही माणसे. त्यांची मुले आता हायस्कूलपर्यंत पोचू लागली होती. पुढे काय, हा प्रश्न उभा होता. खाजगी विद्यापीठाची फी त्यांना परवडणारी नव्हती आणि राज्य विद्यापीठ शहरापासून दोनशे किलोमीटर दूर होते.

त्या वेळी शहराच्या शाळाखात्याच्या प्रमुख होत्या एला फ्लॅग यंग. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराच्या शाळांची धुरा सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या कारकिर्दीत, १९११ साली, शहराच्या पश्चिम भागातील क्रेन तांत्रिक हायस्कूलच्या इमारतीत क्रेन ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. शिकागोच्या नगर महाविद्यालयांचा इतिहास येथून सुरू होतो.

यात एक गंमत आहे. ज्यांचे नाव या शाळेला होते ते रिचर्ड टी. क्रेन मोठे कारखानदार होते. हातांनी करण्याच्या कामांचे शिक्षण मुलांना मिळावे यासाठी त्यांनी मदत केली, पण महाविद्यालयीन शिक्षण हा वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे असे ते हिरिरीने लिहीत व बोलत. त्यांच्याच नावाच्या इमारतीत कामगारांची मुले महाविद्यालयीन शिक्षण घेऊ लागली!

हे शिक्षण शहरवासीयांना विनामूल्य होते. हायस्कूलप्रमाणे त्याचा खर्च शहराच्या शिक्षण मंडळाकडून होई. घरी राहायचे, सकाळी वर्गाला जायचे, दुपारी काम करायचे, असा अनेकांचा दिनक्रम असे. एका गरीब फेरीवाल्याचा मुलगा आर्थर गोल्डबर्ग येथेच शिकला. पुढे तो कामगारांचा वकील, देशाचा कामगारमंत्री आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला.

बंद झालेले दार

१९२९ साली आलेल्या महामंदीचा शिकागोला मोठा फटका बसला. करवसुली कोलमडली. शाळाशिक्षकांना अनेक महिने पगार मिळाला नाही. कधी रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या हातांत पडल्या आणि त्या पूर्ण किमतीला घ्यायला दुकानदार तयार नसत. १९३३ च्या वसंतात शिक्षक रस्त्यावर आले आणि त्यांनी बँकांवर मोर्चे नेले.

त्याच वर्षी जुलै महिन्यात शिक्षण मंडळाने खर्चकपातीचा मोठा निर्णय घेतला. बालवर्ग निम्मे झाले, एकेका मुख्याध्यापकाकडे दोन-दोन प्राथमिक शाळा आल्या आणि क्रेन ज्युनिअर कॉलेज बंद करण्यात आले. पोटाला चिमटा बसलेल्या शहराला फुकट महाविद्यालय ही चैन आहे, असा एकूण युक्तिवाद होता. त्या काळात काम नसलेल्या तरुणांना शिकण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, पण हे त्या हिशेबात बसत नव्हते.

ज्यांच्यासाठी ही संस्था होती त्यांच्याकडे पैसा वा प्रतिष्ठा नव्हती. पण त्यांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या बाजूने बोलणारी माणसेही होती. शिकागो स्टेडियममध्ये शिक्षक व नागरिकांची मोठी निषेध सभा झाली. एका वर्षाच्या आत, १९३४ साली, मंडळाला महाविद्यालय पुन्हा सुरू करावे लागले, आणि तेही एकाऐवजी तीन ठिकाणी : उत्तरेकडे राइट, पश्चिमेकडे हर्झल आणि दक्षिणेकडे विल्सन. शहराच्या ज्या भागात आपण राहतो तेथेच महाविद्यालय असावे, ही कल्पना या पुनर्जन्मातून पक्की झाली.

या घटनेचे मोल एका उदाहरणाने कळते. दक्षिण शिकागोतील एका कृष्णवर्णीय कुटुंबातली ग्वेंडोलिन ब्रुक्स ही मुलगी १९३४ साली हायस्कूल उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी विल्सन ज्युनिअर कॉलेज उघडले. तेथे शिकून ती १९३६ साली बाहेर पडली. १९५० साली तिच्या कवितासंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. दार आणखी दोन वर्षे बंद राहिले असते तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. पण त्या वर्षी ते उघडे होते एवढे मात्र नक्की.

एकोणपन्नास टक्के

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा असा कायदा १९४४ साली झाला आणि लाखो प्रौढ विद्यार्थी महाविद्यालयांत दाखल झाले. यांच्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात आधी कोणी पदवीचे तोंड पाहिलेले नव्हते. ते अभ्यासात मागे पडतील, ही अनेक प्राध्यापकांची भीती खोटी ठरली.

अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ साली उच्च शिक्षणावर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आयोगापुढचा मूळ प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आवडेल असा होता : बारावीनंतर आणखी दोन वर्षे शिकण्याची कुवत किती लोकांमध्ये आहे? युद्धकाळात लष्कराने भरतीच्या वेळी प्रचंड संख्येने बुद्धिमापन चाचण्या घेतल्या होत्या. त्यांच्या निकालांच्या आधारे आयोगाने अंदाज काढला की निदान ४९ टक्के लोकांमध्ये ही कुवत आहे. अशा चाचण्यांच्या मर्यादा आज आपल्याला ठाऊक आहेत. ज्याला चांगली शाळा मिळाली नाही त्याचे गुण कमी येतात, म्हणजे हा आकडा खरा तर कमीच म्हणावा लागेल. तरीही त्या काळी तो धक्कादायक होता, कारण प्रत्यक्षात महाविद्यालयात पोचणाऱ्यांचे प्रमाण याहून खूपच कमी होते.

आयोगाचा निष्कर्ष सरळ होता. अडचण कुवतीची नसून पैशाची, अंतराची आणि वंशभेदाची आहे. म्हणून बारावीनंतरची दोन वर्षे विनामूल्य असावीत आणि त्यासाठी देशभर समुदाय महाविद्यालयांचे जाळे उभारावे, अशी शिफारस त्याने केली. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द सर्वत्र पसरला तो या अहवालामुळे. शिकागोच्या आजच्या सात नगर महाविद्यालयांपैकी एकाला ट्रूमन यांचे नाव आहे, हे त्या दृष्टीने योग्यच म्हटले पाहिजे.

दूरचित्रवाणीवरचे महाविद्यालय

१९५६ साली शिकागोच्या ज्युनिअर कॉलेजने एक धाडसी प्रयोग केला. नुकत्याच सुरू झालेल्या शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्रावरून त्याने पदवीचे वर्ग प्रक्षेपित करायला सुरुवात केली. या प्रयोगाला फोर्ड प्रतिष्ठानच्या एका निधीचे साहाय्य होते. विद्यार्थ्याने घरी बसून पाठ पाहायचा, स्वाध्याय टपालाने पाठवायचा, ठराविक वेळी शिक्षकाशी फोनवर बोलायचे आणि परीक्षेपुरते महाविद्यालयात यायचे. दोन वर्षांची संपूर्ण पदवी अशा रीतीने घेता येत असे.

नाव नोंदवणाऱ्यांत गृहिणींची संख्या मोठी होती. लहान मुले घरी असल्यामुळे त्यांना बाहेर पडणे शक्य नव्हते. आजारी माणसे होती, पाळीत काम करणारे कामगार होते आणि तुरुंगातले कैदीही होते. दार रुंद करण्याचा एक नवा मार्ग सापडला होता.

पहिल्या तीन वर्षांचे निकाल काळजीपूर्वक तपासले गेले. घरून शिकणाऱ्यांचे गुण वर्गात बसणाऱ्यांच्या तोडीचे निघाले. मग दूरचित्रवाणीवरचे शिक्षण वर्गाइतकेच चांगले, असे म्हणावे का? येथे थांबून विचार करायला हवा. घरून शिकणारे विद्यार्थी बहुतांशी वयाने मोठे होते. शिकण्याची तीव्र इच्छा असल्याखेरीज घरकाम आटोपून कोणी पडद्यासमोर वही घेऊन बसत नाही. दुसऱ्या बाजूला होती नुकतीच शाळा सोडलेली अठरा वर्षांची मुले. दोन गटांच्या निकालांत साम्य दिसले, पण मुळात गटच सारखे नव्हते. फरक पद्धतीमुळे पडला की माणसांमुळे, हे वेगळे करता येत नाही. एका शेतात नवे खत घातले, दुसऱ्यात जुने, पण पहिल्या शेताची जमीनच कसदार असेल, तर पिकावरून खताची परीक्षा कशी करणार? त्या प्रयोगकर्त्यांना ही अडचण माहीत होती आणि त्यांनी वय व पूर्वतयारी यांचा हिशेब करण्याचा प्रयत्नही केला. हा मुद्दा आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

नावांतून दिसणारा इतिहास

१९६५ साली इलिनॉय राज्याने ज्युनिअर कॉलेजांसाठी वेगळा कायदा केला आणि पुढच्या वर्षी शिकागोची महाविद्यालये शहराच्या शाळा मंडळापासून वेगळी झाली. आता त्यांचे स्वतःचे मंडळ आणि स्वतःचा कर होता. हायस्कूलच्या उसन्या इमारती सोडून ती स्वतःच्या जागेत जाऊ लागली.

याच काळात शहर आतून बदलत होते. दक्षिणेकडील राज्यांतून दोन पिढ्या येत राहिलेल्या कृष्णवर्णीयांना पश्चिम व दक्षिण भागांत दाटीवाटीने राहावे लागत होते. त्या वस्त्यांतील महाविद्यालयांत त्यांचीच मुले बहुसंख्य झाली होती, पण शिक्षक, अभ्यासक्रम आणि संस्थांची नावे जुनीच होती. विद्यार्थ्यांनी बदलाची मागणी केली. १९६९ साली पश्चिमेकडील क्रेन महाविद्यालयाला १९६५ साली हत्या झालेल्या माल्कम एक्स यांचे नाव देण्यात आले. विल्सन महाविद्यालय केनेडी-किंग झाले, १९६८ साली गोळ्यांना बळी पडलेल्या रॉबर्ट केनेडी व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ. दक्षिणेकडील आणखी एका महाविद्यालयाला ऑलिव्ह व हार्वी या व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या शिकागोच्या दोन तरुण सैनिकांची नावे मिळाली. त्यांपैकी मिल्टन ऑलिव्ह साथीदारांना वाचवण्यासाठी हातबाँबवर झेपावला तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. शहराच्या मध्यावरील लूप कॉलेजला शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचे नाव दिले गेले, १९८७ साली त्यांच्या निधनानंतर.

नामांतराने शिकवणी सुधारत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण आपण ज्या दारातून आत जातो त्यावर आपल्या माणसाचे नाव असणे, याचा अर्थ महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कामांची यादीही आता लांब झाली होती. चार वर्षांच्या विद्यापीठाकडे जाणाऱ्यांची तयारी, परिचारिका वा तंत्रज्ञ यांसारख्या व्यवसायांचे शिक्षण, शाळेत कच्च्या राहिलेल्यांसाठी गणिताचे व भाषेचे पूरक वर्ग, शाळा सोडलेल्या प्रौढांसाठी हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेची तयारी आणि नव्याने आलेल्या परदेशी लोकांसाठी इंग्रजी. एका छपराखाली एवढी कामे करणारी दुसरी शिक्षणसंस्था सापडणे कठीण.

चाळणीचा आरोप

१९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एका ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून त्याने एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. दार उघडे असल्याने मोठी स्वप्ने घेऊन पुष्कळ मुले आत येतात. चाचण्या, पूरक वर्ग आणि समुपदेशकाच्या भेटी यांतून हळूहळू त्यांना सुचवले जाते की तुझ्यासाठी छोटा व्यवसाय-अभ्यासक्रम बरा. कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही, पण स्वप्न थंड केले जाते. अपयश संस्थेचे न दिसता विद्यार्थ्याचे स्वतःचे वाटते. हार्पर यांच्या योजनेतील चाळणी येथे पुन्हा दिसते.

हा आरोप शिकागोला लागू होता का? २०१० च्या सुमारास तेथील नगर महाविद्यालयांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण केवळ सात टक्के असल्याचे सांगितले जाई. हा आकडा भयंकर आहे, पण तो कसा काढला जातो ते पाहू. १९९० च्या एका संघीय कायद्यानुसार फक्त प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेले विद्यार्थी मोजले जातात. दोन वर्षांच्या पदवीसाठी त्यांना तीन वर्षांची मुदत असते.

समजा, शंभर विद्यार्थी आत आले. त्यांतले साठ अर्धवेळ शिकणारे किंवा दुसरीकडून आलेले आहेत. ते मोजणीतून बाद. उरले चाळीस. तीन वर्षांत त्यांतील आठ जणांनी पदवी घेतली, दहा जण पदवी न घेताच चार वर्षांच्या विद्यापीठात गेले आणि सहा अजून शिकत आहेत. सरकारी आकडा येईल चाळीसात आठ, म्हणजे २० टक्के. विद्यापीठात गेलेले दहा जण या आकड्याच्या दृष्टीने जणू अपयशी! त्यांना धरले तर प्रमाण ४५ टक्के होते. साठ अर्धवेळ विद्यार्थ्यांचे काय झाले, हे कोणत्याच आकड्यात नाही. हे आमचे काल्पनिक उदाहरण आहे, पण मोजपट्टी बदलली की चित्र किती बदलते ते त्यावरून दिसेल.

तरीही मोजपट्टीच्या आडोशाला लपणे बरोबर नाही. कोणत्याही पट्टीने मोजले तरी आत आलेल्यांतले फार थोडे वर पोचत होते. २०१० साली शिकागोत सुधारणेची मोठी मोहीम सुरू झाली. एकेका महाविद्यालयाला एकेक व्यवसायक्षेत्र नेमून देण्यात आले. उदाहरणार्थ, माल्कम एक्स महाविद्यालयाकडे आरोग्यसेवा आली आणि २०१६ साली त्याची नवी इमारत उघडली. शहराच्या सार्वजनिक शाळांतून ठरावीक गुण मिळवून येणाऱ्या मुलांना २०१५ पासून फी व पुस्तकांचा खर्च माफ झाला. पदव्यांची संख्या वाढली.

पण आक्षेपही आले. पदव्यांची वाढ कितपत खरी आणि मोजणीच्या करामतीमुळे किती, असे प्राध्यापक व पत्रकार विचारू लागले. २०१६ मध्ये बालसंगोपनाचा अभ्यासक्रम शहराच्या उत्तरेकडील एकाच महाविद्यालयात एकवटला गेला, तेव्हा दक्षिण भागातील स्त्रियांनी काम आणि मुले सांभाळून एवढ्या लांब कसे जायचे, असा प्रश्न उभा राहिला. खर्चाच्या कागदावर हा निर्णय नीटनेटका दिसतो. १९३४ साली जे महाविद्यालय वस्तीजवळ आणले गेले होते, ते या विद्यार्थिनींपासून पुन्हा दूर गेले.

जिना बांधता येतो का?

याचे सर्वांत चांगले उत्तर शिकागोत नव्हे, तर न्यूयॉर्क नगर विद्यापीठाच्या समुदाय महाविद्यालयांत मिळाले. तेथे २००७ साली एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात सहभागी विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि पूरक वर्ग सुरुवातीलाच उरकायचे. बदल्यात त्याला एक कायमचा सल्लागार मिळे. त्या सल्लागाराकडे थोडेच विद्यार्थी असल्याने तो प्रत्येकाला नावाने ओळखे. फीमधली तूट भरून निघे, पुस्तकांना मदत मिळे आणि बस व भुयारी रेल्वेचा महिन्याचा पासही हातात पडे.

सुरुवातीचे निकाल उत्तम होते, पण दूरचित्रवाणीच्या प्रयोगाबद्दल विचारलेला प्रश्न येथेही विचारायला हवा. चांगले विद्यार्थीच या कार्यक्रमात आले असतील तर? म्हणून अभ्यासकांनी पुढे रीतसर प्रयोग केला. पूरक वर्गांची गरज असलेल्या आणि कार्यक्रमात येण्यास तयार असलेल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे केवळ योगायोगाने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. अशी विभागणी केली की हुशारी, घरची परिस्थिती, जिद्द हे सारे दोन्ही गटांत सारखेच वाटले जाते. दोन्ही शेतांची जमीन सारखी होते. मग पिकातला फरक खताचाच.

तीन वर्षांनी नेहमीच्या गटातील २२ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती. कार्यक्रमातील गटात हे प्रमाण ४० टक्के होते. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत असाच कार्यक्रम राबवला तेव्हाही पदवीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे तपासून पाहणे ही विज्ञानाची रीत. शिक्षणाच्या क्षेत्रात ती फार क्वचित पाळली जाते, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे.

क्लार्कच्या आरोपाला हे उत्तर आहे. तेच विद्यार्थी, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम. फक्त बसचा पास, ओळखीचा सल्लागार आणि वेळेवर मिळालेले पुस्तक यांची भर पडली आणि चाळणीचा जिना झाला. कुवत आधीपासून होतीच. मात्र अशा कार्यक्रमाला दर विद्यार्थ्यामागे अधिक खर्च येतो, हेही सांगितले पाहिजे. ज्या संस्थांत सर्वांत अडचणीतले विद्यार्थी येतात त्यांच्यावरच दर डोई सर्वांत कमी खर्च करण्याची जुनी सवय मोडावी लागते. १९३३ सालच्या शिक्षण मंडळाने जे केले, ते कमी-अधिक प्रमाणात आजही सगळीकडे चालते.

आपल्यासाठी

आपल्याकडे आता एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी अशा पायऱ्या आखल्या गेल्या आहेत. विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांके जमा राहतील आणि तो पुन्हा परत येऊ शकेल, अशीही सोय २०२१ पासून केलेली आहे. कागदावर हा जिना आहे. तो प्रत्यक्षात जिना ठरतो की चाळणी, हे ठरवण्यासाठी काही साधे प्रश्न आपण शिक्षकांनीच विचारले पाहिजेत. पहिल्या वर्षानंतर थांबलेल्यांतले किती जण परत आले? थांबले ते स्वतःच्या इच्छेने, की एस.टी.च्या भाड्यापायी? व्यवसाय-अभ्यासक्रमाकडे वळलेल्या मुलाला पुढे पदवीकडे जाण्याची वाट खरोखर मोकळी आहे का? इलिनॉय राज्याला अशी वाट घालून द्यायला फार वर्षे लागली. समुदाय महाविद्यालयात पूर्ण केलेले पायाभूत विषय वरच्या महाविद्यालयांनी सरसकट मान्य करावेत, अशी राज्यव्यापी व्यवस्था तेथे १९९८ पासून लागू झाली, म्हणजे क्रेन कॉलेज उघडल्यानंतर ८७ वर्षांनी!

हे प्रश्न विचारायला मोठी यंत्रणा लागत नाही. आपल्या शाळेतून बारावी होऊन गेलेल्या एका तुकडीची वही करावी. कोण कोठे गेला, कोण कधी थांबला, का थांबला, एवढ्याच नोंदी दर वर्षी ठेवाव्यात. अकरावी-बारावीचे विद्यार्थी स्वतःच हा प्रकल्प करू शकतील. नमुना लहान असेल आणि त्यावरून राज्याबद्दल निष्कर्ष काढता येणार नाहीत, हे त्यांना आधीच सांगावे. आपल्या गावापुरते मात्र त्यांना कळेल की दारातून आत गेलेले आपले ताई-दादा कोणत्या पायरीवर आणि कशासाठी अडकले आहेत.